गॅलक्सी दोन वर्षं वापरल्यावर: गिरणी फुकट आहे, धान्य मात्र निवडून न्या

आधीच सांगते, हा मोबाईलचा रिव्ह्यू नाहीये. गॅलक्सी म्हटलं की आमच्या घरी पण सगळ्यांना फोनच आठवतो, मागच्या दिवाळीत भावाला म्हटलं मी गॅलक्सीवर काम करत बसलेय तर म्हणे कुठलं मॉडेल घेतलंस. ही गॅलक्सी म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी साइट आहे, तिच्यावर जीनोमचा, आरएनएचा, प्रोटीनचा डेटा चढवायचा आणि त्याचं विश्लेषण करून घ्यायचं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल न करता आणि एक रुपया न देता. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, एमएस्सीच्या पोरापोरींचे प्रोजेक्ट बघते आणि मला कोडिंग येत नाही. म्हणजे अगदीच शून्य नाही, आर नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन-चार ग्राफ काढते, पण काळ्या स्क्रीनवर कमांड मारायची वेळ आली की पोटात गोळा येतो. तर हे माझ्यासारख्यांसाठी लिहितेय, ज्यांना लिनक्स येतं त्यांनी वाचलं नाही तरी चालेल, आणि वाचलं तर हसू नका.

गॅलक्सीपर्यंत मी पोचले ते पैसे घालवून. कुठल्यातरी ऑनलाइन कोर्सवाल्यांकडे पाच हजाराला एक रुपया कमी एवढे भरले होते, नाव घेत नाही, घेऊन काय मिळणार, दहा दिवसांत बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्राच्या डेटाचं कॉम्प्युटरवर विश्लेषण, आणि वर सर्टिफिकेट असं पोस्टर होतं. पहिले चार दिवस फक्त लॅपटॉपवर लिनक्स बसवण्यात गेले, माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते बसलंच नाही, पाचव्या दिवशी सर म्हणाले ज्यांचं झालं नाही त्यांनी नुसतं बघा, आणि मी पुढचे पाच दिवस नुसतं बघितलं. सर्टिफिकेट मात्र वेळेवर आलं. त्याच कोर्समधल्या एका मुलीने शेवटच्या दिवशी चॅटमध्ये लिहिलं होतं की हे सगळं गॅलक्सीवर बटणं दाबून होतं. ते एक वाक्य पाच हजाराचं होतं असं समजून मी सोडून दिलं.

आता थोडी माहिती, कारण फुकट म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका येते की यांचा फायदा काय. गॅलक्सी २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात सुरू झाली, अँटन नेक्रुटेन्को आणि जेम्स टेलर ही त्यामागची मुख्य माणसं, टेलर पुढे जॉन्स हॉपकिन्सला होते आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अगदी अकाली गेले. आज तिचे मोठे सार्वजनिक सर्व्हर तीन आहेत, अमेरिकेचा, युरोपचा आणि ऑस्ट्रेलियाचा. युरोपचा जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून चालतो आणि मी तोच वापरते. सगळं संशोधनाच्या सरकारी अनुदानावर चालतं, सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, जाहिरात नाही, प्रीमियम प्लॅन नाही. खातं उघडायला ईमेल लागतो आणि संपलं. एका माणसाचं एकच खातं मात्र, जास्त जागा मिळावी म्हणून दोन-दोन उघडलीत तर नियमाबाहेर.

वापरायला कशी आहे ते सांगायचं तर पिठाच्या गिरणीसारखी. डबा नेऊन ठेवायचा, जाड की बारीक ते सांगायचं, रांगेत सोडायचं आणि घरी यायचं. डावीकडे टूल्सची यादी, हजारोंनी आहेत, मधे त्या टूलचा फॉर्म, उजवीकडे तुमची हिस्टरी, म्हणजे आजवर काय काय केलं त्याचे डबे एकावर एक. डबा करडा असेल तर रांगेत आहे, पिवळा झाला म्हणजे चालू आहे, हिरवा म्हणजे झालं आणि लाल म्हणजे काहीतरी बोंबललं. माझ्या पोरी आता एकमेकींशी याच भाषेत बोलतात, तुझं हिरवं झालं का गं, नाही गं अजून करडंच. सगळं काम फ्रायबुर्गच्या मशीनवर चालतं त्यामुळे लॅपटॉप बंद करून झोपलात तरी फरक पडत नाही, आणि आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते त्यामुळे ही गोष्ट किती मोठी आहे ते आम्हालाच माहीत.

आणि आता ते प्रकरण सांगते ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

आमच्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट होता गावाजवळच्या ओढ्यातल्या पाण्यातून अँटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया शोधायचा. तिला क्लेबसिएला न्यूमोनिए सापडला. हा प्राणी साधा नाही, डब्ल्यूएचओच्या २०२४ च्या धोकादायक जंतूंच्या यादीत कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिकला न जुमानणारा क्लेबसिएला सगळ्यात वर आहे, आणि कार्बापेनेम निकामी करणारं एंझाइम बनवणाऱ्या एनडीएम-१ नावाच्या ज्या जीनवरून आपल्याकडे एवढा गदारोळ झाला तो पण आधी क्लेबसिएलातच सापडला होता, स्वीडनमधल्या एका पेशंटच्या नमुन्यात, तो पेशंट आधी दिल्लीत अ‍ॅडमिट होता म्हणून २००९ साली त्या एंझाइमच्या नावात नवी दिल्ली घातलं आणि आपल्याकडचे लोक भडकले. तर पोरीच्या डोक्यात एनडीएमच होतं. आम्ही इकडून तिकडून पैसे जमवून त्या एका आयसोलेटचा, म्हणजे वेगळ्या काढून वाढवलेल्या बॅक्टेरियाचा, डीएनए बाहेर सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचायला दिला, आले ते दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे जोडीजोडीने, दोन फाइल्स मिळून पाचशे एमबीच्या आसपास. कॉलेजच्या नेटवर चढेनात, शेवटी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून रात्री चढवल्या.

पुढचं सगळं तिनेच केलं. फास्टक्यूसी लावलं, ते डेटाची क्वालिटी तपासतं. मग शोव्हिल लावलं, ते छोटे छोटे तुकडे जुळवून जीनोम बांधतं, फाटलेलं वर्तमानपत्र जुळवावं तसं. मग अ‍ॅब्रिकेट, ते त्या जीनोममध्ये माहितीतले रेझिस्टन्स जीन, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देऊ देणारे जीन, शोधतं. सगळे डबे हिरवे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून उतरते न उतरते तोच फोन, मॅडम मॅडम एनडीएम नाही मिळाला पण मेकए मिळालाय, क्लेबसिएलात मेकए, मॅडम हे कुणाला मिळालेलं नसेल! कॉलेजात पोचले तर तिने एका कॉन्फरन्ससाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या पहिल्या चार ओळी पण लिहून ठेवल्या होत्या आणि माझं नाव शेवटी टाकलं होतं.

मेकए हा स्टॅफिलोकोकस नावाच्या दुसऱ्याच बॅक्टेरियाचा जीन आहे, एमआरएसए म्हणतात ना, मेथिसिलिनला दाद न देणारा, त्यातला. तो क्लेबसिएलात निघणं म्हणजे म्हशीच्या गोठ्यात कोंबडीचं अंडं. निघू शकतं, पण कोंबडी गोठ्यात शिरली होती एवढाच त्याचा अर्थ. मी म्हटलं थांब, आधी जीनोम किती लांब निघालाय ते बघू. बांधलेला जीनोम मोजणाऱ्या क्वास्ट या टूलचा रिपोर्ट उघडला, एकूण लांबी ८१ लाख अक्षरं. क्लेबसिएलाचा जीनोम प्लास्मिड, म्हणजे डीएनएची सुटी छोटी वर्तुळं, धरून ५५-५६ लाखाच्या आसपास असतो. म्हणजे २५ लाख अक्षरं उपरी. मग मागे जाऊन फास्टक्यूसीचा रिपोर्ट उघडला, जो तिने चालवला होता पण उघडलाच नव्हता, कारण हिरवा झाला ना. त्यात जीसीचा ग्राफ असतो, म्हणजे डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण. एका जातीचा बॅक्टेरिया असेल तर एकच डोंगर येतो, क्लेबसिएलाचा ५७ टक्क्यांच्या आसपास. आमच्या ग्राफला उंटासारखी दोन कुबडं होती, एक ५७ वर आणि दुसरं ३२ वर. ३२ हा स्टॅफिलोकोकसचा आकडा, त्यामुळे मला कळलंच पण खात्रीसाठी क्रॅकेन लावला, तो प्रत्येक तुकडा कुठल्या जीवाचा ते ओळखतो, त्याने सरळ सांगितलं स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. जो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो. जीनोम साधारण २५ लाख. हिशोब चोख.

म्हणजे प्लेट शुद्ध नव्हती. पोरीने न्यूट्रियंट अगार या साध्या खाद्यावरची गुळगुळीत मोठी कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा ठिपका, उचलली, तिच्या पोटाखाली दुसरी बारकी होती. पुन्हा स्ट्रीक, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून एकटी कॉलनी वेगळी करणं, केलं नव्हतं, आणि मी पण विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला ओरडायला तोंड नव्हतं मला. गिरणीवाल्याचा यात काडीचा दोष नाही. गव्हात ज्वारी मिसळून नेली तर तो दोन्ही एकत्र दळून देणार, वर पीठ एकदम छान बारीक.

मला गॅलक्सीबद्दल जे काही म्हणायचंय ते यातच आलं खरं तर. बटणं इतकी सोपी झालीयेत की हिरवं झालं म्हणजे बरोबर झालं असं वाटायला लागतं, आणि हिरव्याचा अर्थ फक्त एवढाच आहे की प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत गेला. काळ्या स्क्रीनवर काम करणाऱ्यांना पण हीच चूक करता येते, पण तिथे निदान घाम गाळलेला असतो त्यामुळे माणूस जरा संशयाने बघतो. इथे घाम नाही, त्यामुळे संशय पण नाही. म्हणून आता आमच्याकडे नियम केलाय, प्रत्येक डब्यावरचं डोळ्याचं चिन्ह दाबून आत बघितल्याशिवाय पुढचं टूल लावायचं नाही, आणि जीनोम बांधायच्या आधी वहीत लिहायचं की लांबी किती यायला पाहिजे आणि जीसी किती. आधी लिहायचं, नंतर नाही, नंतर लिहिलं की आलेला आकडाच बरोबर वाटतो.

पण हेही सांगायला पाहिजे की चूक सापडली ती गॅलक्सीमुळेच. हिस्टरीत सगळं जागेवर होतं, कुठल्या टूलचं कुठलं व्हर्जन, कुठली सेटिंग, कुठली फाइल आत गेली, सगळं आपोआप लिहिलेलं. मी स्वतः पीएचडी करताना एक्सेलमध्ये फायनल, फायनल २, फायनल खरी अशा फाइल्स केल्यात, कुठल्या फाइलमधून कुठला ग्राफ आला ते सहा महिन्यांनी मलाच कळत नव्हतं. एक्सेलचं तर विचारूच नका, जीनचं नाव मार्च१ असेल तर ते त्याची १ मार्च तारीख करून टाकतं, सेप्ट२ ची २ सप्टेंबर. हा विनोद नाहीये, २०१६ मध्ये एक पाहणी आली होती की एक्सेलमध्ये जीनच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असली नासाडी होती, आणि शेवटी २०२० मध्ये माणसाच्या जीनना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि त्या जीनची नावंच बदलली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून बारसं पुन्हा. गॅलक्सीत टेबल राहतं तसं राहतं, पण तिथून उतरवून पोरं एक्सेलमध्ये उघडतातच, त्याला इलाज नाही.

हिस्टरी शेअर पण करता येते, लिंक द्यायची, समोरचा ती स्वतःच्या खात्यात कॉपी करून तेच सगळं पुन्हा चालवून बघू शकतो. आणि एकदा बसवलेली साखळी वर्कफ्लो म्हणून जतन करता येते, पुढच्या नमुन्याला एका बटणात सगळी टूल्स ओळीने लागतात. कोविडच्या अगदी सुरुवातीला, २०२० च्या फेब्रुवारीतच, गॅलक्सीवाल्यांनी तोवर आलेला व्हायरसच्या जीनोमचा डेटा घेऊन सगळं विश्लेषण असं उघड्यावर मांडून ठेवलं होतं, कुणीही या आणि तपासा. मला त्या वेळी गॅलक्सी माहीत पण नव्हती, पुढे वाचलं तेव्हा वाटलं की असंच पाहिजे, नाहीतर पेपरमध्ये एक ओळ असते की स्टँडर्ड पद्धतीने विश्लेषण केले, आणि ती स्टँडर्ड पद्धत फक्त त्या लॅबमधल्या सोडून गेलेल्या मुलाला माहीत असते.

आता कटकटी. रांग असते. फुकटची गिरणी आहे, जगभरातून डबे येतात, एका वेळी एका खात्याची किती कामं चालवायची यालाही मर्यादा आहे, त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री काम सुरू करणाऱ्यांनी देवावर हवाला ठेवावा. जागा २५० जीबी मिळते, आमच्यासारख्या बॅक्टेरियावाल्यांना ती पोटभर आहे, पण माणसाचा जीनोम ३०० कोटी अक्षरांचा, तसलं काम असेल तर चुटकीसरशी भरते. आणि डबा डिलीट केला म्हणजे जागा मोकळी झाली असं नाही, पर्ज म्हणून वेगळं आहे ते करावं लागतं, मला हे कळायला चार महिने गेले.

नवीन माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे फाइलचा प्रकार. फाइल समोर हिस्टरीत दिसतेय, आणि टूलच्या फॉर्ममध्ये ती निवडायला गेलं तर यादीत नाहीच. तासभर वेड्यासारखं शोधायचं. कारण काय तर तिचा प्रकार नुसता फास्टक्यू असा लागलाय आणि टूलला फास्टक्यूसँगर पाहिजे. पेन्सिलचं चिन्ह दाबून प्रकार बदलला की लगेच दिसते. एवढंच. पण हे कुणी सांगितलं नाही तर तिथेच हात टेकून परत जाणारे लोक असणार. दुसरं म्हणजे एकाच कामाला पाच-पाच टूल्स, जीनोम बांधायलाच शोव्हिल, स्पेड्स, युनिसायक्लर आणि अजून किती, कुठलं घ्यायचं ते साइट सांगत नाही. भाजी मंडईत उभं केल्यासारखं होतं, स्वयंपाक काय करायचाय ते घरून ठरवून गेलेलं बरं.

ते ठरवायला त्यांचंच ट्रेनिंगचं वेगळं पान आहे, शेकडो धडे, प्रत्येकात नमुन्याचा डेटा दिलेला, कुठलं बटण दाबायचं इथपर्यंत. माझं मत विचाराल तर साइटपेक्षा ते धडे जास्त मोलाचे आहेत. पाच हजाराच्या कोर्सपेक्षा तर हजारपट. फक्त इंग्रजी जरा जड आहे आमच्या पोरांना, म्हणून मी दोन धडे वहीत मराठीत उतरवून घेतलेत, चुका असतील त्यात, पण काम भागतं. स्वतःचा डेटा नसेल तरी अडत नाही, एसआरए नावाच्या सार्वजनिक साठ्यात जगभरच्या लॅबचा डेटा पडलाय, त्याचा नंबर गॅलक्सीत टाकला की फाइल सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाते, आपल्या नेटला हात पण लागत नाही. ही युक्ती आमच्यासारख्या कॉलेजांसाठी सोन्यासारखी आहे. सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत म्हणून बायोइन्फॉर्मेटिक्स शिकवता येत नाही ही सबब मी स्वतः सात वर्षं सांगितलीय.

शिकवणाऱ्यांसाठी अजून एक. युरोपच्या सर्व्हरवर वर्कशॉपसाठी आधी अर्ज केला तर त्या दिवसांपुरती तुमच्या वर्गाला वेगळी रांग मिळते, तीही फुकट. आम्ही २२ जणांसाठी घेतली होती. मास्तरला एक पान दिसतं की वर्गातल्या किती कामांचं काय चाललंय, किती हिरवी किती लाल, नावं दिसत नाहीत त्यामुळे कुणाची लाज जात नाही. माझ्या वर्गात पहिल्या अर्ध्या तासात सगळं लाल होतं, मीच दोन्ही फाइल्स उलट्या द्यायला सांगितल्या होत्या.

एका गोष्टीत मात्र अजिबात हयगय नको. पेशंटचा डेटा या सार्वजनिक सर्व्हरवर टाकू नका. बॅक्टेरिया, झाड, मासा, काय पाहिजे ते टाका, पण ओळखता येईल अशा माणसाचा जीनोम किंवा रिपोर्ट नाही, हे सर्व्हर त्यासाठी नाहीतच, आणि आपल्याकडे पण २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आलाय. ज्यांचं काम तसलं आहे त्यांनी स्वतःच्या संस्थेच्या मशीनवर गॅलक्सी बसवावी, सॉफ्टवेअर फुकटच आहे, बसवणारा माणूस तेवढा पाहिजे. आपल्या देशातला डेटा आपल्याकडे ठेवायला फरीदाबादला २०२२ पासून इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे, जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातल्या दहा हजार लोकांच्या जीनोमचा डेटा तिथेच आहे, तो मागायला रीतसर अर्ज लागतो आणि तसाच लागायला पाहिजे.

मोबाईलवर चालते का असं पोरं हमखास विचारतात. उघडते. काम झालं का बघण्यापुरती ठीक आहे, फॉर्म भरायला जाऊ नका.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या फास्टक्यूसँगरचा कापला.

आणि ओढ्यातल्या क्लेबसिएलाचं काय झालं, तर पोरीने ग्लिसरॉल स्टॉकवरून, म्हणजे गोठवून ठेवलेल्या नमुन्यावरून, पुन्हा तीनदा स्ट्रीक केलं, प्रत्येक वेळी एकच कॉलनी, ग्रॅम स्टेन करून, म्हणजे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली मला दाखवून, आणि विभागप्रमुखांच्या मागे लागून पुन्हा सिक्वेन्सिंगला पाठवलं. गेल्या आठवड्यात फाइल आली. यावेळी डोळ्याचं चिन्ह दाबून ती पाच मिनिटं त्या ग्राफकडेच बघत बसली होती. एक कुबड, ५७ वर. लांबी ५६ लाखाला जरा कमी. एसएचव्ही नावाचा रेझिस्टन्स जीन आहे, तो क्लेबसिएलात असतोच, सीटीएक्स-एम-१५ हा दुसरा रेझिस्टन्स जीन आहे, मेकए नाही, एनडीएम नाही. कॉन्फरन्सचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तिने डिलीट केलं. जुनी हिस्टरी मात्र मी पर्ज करू दिली नाही, जागा खातेय तरी, गहू-ज्वारी असं नाव देऊन माझ्या खात्यात ठेवलीय, जुलैत नवी बॅच आली की पहिल्या दिवशी त्यांना लिंक देणार आणि काहीच न सांगता विचारणार की यात काय सापडलं.